शाळेपुढच्या चौकातले सर्कल: आधी आखा, मग बांधा

वाचकाचे पत्र: "आमचे गाव दारव्हा तालुक्यात आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे चार रस्ते एकत्र येतात. ते सिमेंटचे झाल्यापासून मोटारसायकली, ट्रॅक्टर आणि कापसाच्या गाड्या चौकातून सुसाट जातात. गावकऱ्यांनी वर्गणी करून शाळेजवळ एक उंच गतिरोधक बांधला. त्यावरून माझे सासरे सायकलसह पडले आणि त्यांचे मनगट मोडले. मोटारसायकलवाले तर तो चुकवून कडेच्या मातीतून, म्हणजे नेमके मुलांच्या पायवाटेवरून जातात. अमरावतीला मुलीकडे गेले असता तिच्या वस्तीतल्या चौकात छोटे सर्कल पाहिले. तिथे गाड्या आपोआप हळू होत होत्या. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. तिथे हा विषय काढला, तर ट्रॅक्टरवाले म्हणाले की ट्रॉली वळणार नाही आणि पोळ्याला बैल न्यायला जागा उरणार नाही. माझे भासरे ग्रामपंचायत सदस्य आहेत. त्यांचे म्हणणे असे की सर्कल करायचेच तर मोठा चौथरा बांधून त्यावर पुतळा बसवू. मी काय करावे?" (नाव व गाव न छापण्याची विनंती आहे.)

ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या चौकात लहान सर्कल होऊ शकते आणि आपण लिहिलेल्या परिस्थितीत ते गतिरोधकापेक्षा चांगले काम करील, असे माझे मत आहे. मात्र ते लहान, बुटके आणि वरून मोकळे असले पाहिजे. शिवाय सिमेंटचे पहिले पोते फोडण्याआधी ते चुन्याने रस्त्यावर आखून, गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला त्याभोवती आपली ट्रॉली वळवून पाहू दिली पाहिजे. या दोन अटी मी आग्रहाने का घालतो, ते सविस्तर सांगतो.

चौकात सरळ जाणाऱ्या चालकाला समोरचा रस्ता दूरवर मोकळा दिसतो आणि तेवढ्यावरच त्याचा हात ॲक्सिलरेटरवर राहतो. मध्यभागी गोल आला की सरळ रेष तुटते, गाडी आधी डावीकडे व मग पुन्हा उजवीकडे वळवावी लागते, आणि वळणाची त्रिज्या पंधरा-वीस मीटरवर आली की ताशी २० ते २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने ते वळण सुखाने घेता येत नाही. म्हणजे पाटी वाचली नाही, पोलीस उभा नाही, रात्रीची वेळ आहे, तरी वेग कमी करावा लागतो. दुसरा फायदा असा की चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना छेदतात किंवा मिळतात. सगळ्यांनी गोलाला वळसा घातला की ही ठिकाणे ८ उरतात, आणि समोरासमोरची किंवा थेट कुशीत बसणारी धडक, जी जीव घेते, ती फार कमी होते.

वेगाचा प्रश्न शाळेच्या दृष्टीने किती मोठा आहे, हे समितीपुढे मांडताना एक साधा हिशेब उपयोगी पडेल. पोर अचानक रस्त्यावर आले, तर ब्रेकवर पाय जायला चालकाला निदान एक सेकंद लागतो. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी त्या एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे गेलेली असते. ताशी २० ने जाणारी साडेपाच मीटर. ब्रेक लागण्याचे अंतर त्यानंतर सुरू होते. वेग दुप्पट झाला की धडकेतली शक्ती चौपट होते, म्हणून ताशी २० आणि ४० यांतला फरक मुलाच्या अंगावर नुसता दुपटीचा राहत नाही. जेथे पायी चालणारे, सायकलस्वार आणि वाहने एकत्र येतात, तेथे कमाल वेग ताशी ३० किलोमीटर असावा, असे २०२० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोम येथे झालेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेच्या जाहीरनाम्यातही म्हटले आहे. आपल्या शाळेपुढचा चौक याहून वेगळा नाही.

सध्याचा वेग किती आहे, हे मात्र अंदाजाने सांगू नका, मोजा. रस्त्याच्या कडेला टेपने ५० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना चुन्याची रेघ मारावी आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर गाडीला ते अंतर कापायला किती सेकंद लागतात ते पाहावे. १८० ला त्या सेकंदांनी भागले की ताशी किलोमीटर मिळतात: सहा सेकंद लागले तर ३०, साडेचार लागले तर ४०, तीनच लागले तर ६०. शाळा भरताना, शाळा सुटताना आणि एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी अशी नोंद करावी. सातवी-आठवीच्या वर्गातली मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्यापासून दूर ओट्यावर बसून हे काम उत्तम करतील, आणि त्यांच्याच हस्ताक्षरातला तो तक्ता ग्रामसभेत वाचला गेला, तर "आमच्या गावात कोण एवढ्या जोरात चालवतो" हा प्रश्न तिथेच संपेल.

आपण अमरावतीत पाहिलेली कल्पना नवी नाही. अमेरिकेतील सिएटल शहराने १९७० च्या दशकात वस्तीतल्या अरुंद रस्त्यांच्या चौकांत अशी सर्कल बांधायला सुरुवात केली आणि आज तिथे ती हजारावर आहेत. १९९१ ते १९९४ या काळात बांधलेल्या ११९ सर्कलांच्या पाहणीत, बांधण्यापूर्वीच्या वर्षी त्या चौकांत १८७ अपघात झाले होते आणि नंतरच्या वर्षी ११ झाले, असे आढळले. हा आकडा पाहून हुरळून जाऊ नये, कारण मुळात अपघातांसाठी बदनाम असलेले चौकच तिथे आधी निवडले जात होते आणि तिथली वाहतूक बहुतेक मोटारींची आहे. आपल्याकडे निम्म्याहून अधिक वर्दळ दुचाकींची असते. मोटारसायकल अरुंद असल्यामुळे तिला मोटारीएवढे वळावे लागत नाही. सर्कल फारच लहान ठेवले आणि चौक फारच ऐसपैस असला, तर दुचाकीस्वार वेग फारसा न सोडता बाजूने निसटतो. घाईत असलेला तर उजवीकडे वळताना पूर्ण वळसा टाळून उलट्या बाजूने घुसतो. म्हणून आपल्या गावी सर्कल जितके महत्त्वाचे, तितकेच चौकाचे पसरलेले कोपरे आवळणे महत्त्वाचे आहे. त्याकडे पुढे येतोच.

सासऱ्यांचे मनगट मोडले, हे वाचून वाईट वाटले. गतिरोधक मुळातच वाईट असतो असे नाही; तो मापात नसला की घातक होतो. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सुचवलेला नेहमीचा गोलाकार गतिरोधक जास्तीत जास्त १० सेंटीमीटर उंच आणि गाडीच्या जाण्याच्या दिशेने ३.७ मीटर लांब असतो, म्हणजे चार इंच चढायला सहा फूट आणि उतरायला सहा फूट मिळतात. गावोगाव वर्गणीतून जे बांधले जातात, ते फूट-दीड फूट रुंदीचे आणि गुडघ्याकडे झेपावणारे उभे बांध असतात. त्यावर सायकलचे पुढचे चाक अडते, गरोदर बाईला रिक्षात धक्का बसतो, आणि रुग्णवाहिकेला जवळजवळ थांबावे लागते. मापातला गतिरोधक कडेपर्यंत पूर्ण रुंदीने घेतला, आधी पाटी लावली आणि पांढरे पट्टे ओढले, तर तोही आपल्या शाळेपुढे चालू शकेल. सर्कलला विरोध टोकाला गेला, तर हा दुसरा पर्याय हातात असू द्या.

आता ट्रॅक्टरवाल्यांकडे वळू. त्यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बोलून देण्यापेक्षा चौकात देणे बरे. ट्रॅक्टरची पुढची चाके वळतात तेव्हा ट्रॉली त्याच वाटेने येत नाही. तिचे मागचे चाक आतून कापत येते, आणि ट्रॉली जितकी लांब, तितके ते अधिक आत येते. कापसाने काठोकाठ भरलेली ट्रॉली तर फळ्यांच्या बाहेरही फुगलेली असते. म्हणून सर्कलचे माप कार्यालयातल्या कागदावर ठरवण्याऐवजी चौकात ठरवावे. चौकाच्या मध्यावर एक खुंटी ठोकावी, तिला सहा फुटांची दोरी बांधावी आणि दोरीच्या टोकाने चुन्याची फक्की सोडत गोल काढावा. हे १२ फूट व्यासाचे सर्कल झाले. खुंटी सिमेंटवर ठोकता येत नसेल तर एकाने दोरीचे टोक पायाखाली धरावे. मग मध्यापासून प्रत्येक कोपऱ्याच्या सिमेंटच्या कडेपर्यंतचे तिरपे अंतर मोजावे. ते १९ फुटांच्या आसपास भरले, तर गोलाच्या कडेपासून कोपऱ्यापर्यंत १३ फूट वाट मोकळी राहते आणि सहा-सात फूट रुंदीची ट्रॉली तिथून जाऊ शकते. अंतर त्याहून कमी असेल तर दोरी आखूड करावी. खूप जास्त असेल तर गोल थोडा मोठा करावा किंवा कोपरे आत घ्यावेत.

चुन्याच्या रेषेवर रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून ठेवावी, किंवा जुने टायर पांढरे रंगवून मांडावेत. दगड किंवा विटा कृपया ठेवू नका. वीज गेल्यावर अंधारात कोणी त्यावर आदळला तर सगळी योजना तिथेच संपेल. पोत्यांना चारही बाजूंनी रेडियमच्या पट्ट्या चिकटवाव्यात. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी हरकत घेतली, त्यांनाच आग्रहाने बोलवावे, ट्रॉली जोडून आणायला सांगावे, आणि चारही दिशांनी डावीकडे, सरळ व उजवीकडे वळून पाहायला सांगावे. दुसऱ्या दिवशी सकाळी चुन्याकडे नीट पाहा. जिथे ट्रॉलीच्या मागच्या चाकाने रेष पुसली असेल, तिथे सर्कलची कड आत घ्यायची आहे. हे गणित कोणताही नकाशा इतक्या खात्रीने सांगणार नाही. आणि कोपऱ्यांकडेही पाहा: जिथे एकही चाक फिरकत नाही, तिथे धूळ, कडबा आणि सरकीचे तुकडे साचून राहिलेले दिसतील. ती जागा वाहनांना लागतच नाही. तीच पायी चालणाऱ्यांना द्यायची आहे.

ही चाचणी कधी करायची, यालाही महत्त्व आहे. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पेरणीची धावपळ असते आणि ट्रॉल्या बहुतेक रिकाम्या किंवा बियाणे-खताच्या असतात. त्या वेळी सगळे सुरळीत झाले, म्हणून ऑक्टोबरात सोयाबीनचे आणि पुढे कापसाचे वाहन वळेलच असे नाही. शक्य असल्यास चाचणी दिवाळीच्या पुढेमागे, माल घरी आणि बाजारात जात असताना करावी. थ्रेशर आणि हार्वेस्टर ज्यांच्याकडे आहेत, त्यांनाही विचारावे. हार्वेस्टर वर्षातून मोजक्या वेळा येतो, पण तो अडकला तर गावभर बोलले जाते ते त्याचेच.

आपल्या गावात एसटी या चौकातून वळत असेल, तर एक गोष्ट आधीच मान्य करावी लागेल. बारा मीटर लांबीच्या बसला पूर्ण वळायला साधारण तेवढ्याच त्रिज्येची मोकळी जागा लागते आणि खेड्यातल्या चौकात ती मिळत नाही. यावरचा उपाय ब्रिटनमध्ये फार पूर्वी निघाला. तिथल्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील फ्रँक ब्लॅकमोर यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस असे छोटे गोल चौक प्रचारात आणले, ज्यांचा मध्यभाग एक ते चार मीटर व्यासाचा, पांढरा रंगवलेला आणि रस्त्याच्या पातळीतून हळूच वर आलेला असतो. कडेला उभी पायरी नसते. मध्यावर उंची फार तर चार-पाच इंच. लहान वाहनाने त्याला वळसा घालायचा, आणि ज्या लांब वाहनाला ते शक्यच नाही, त्याने सावकाश त्यावर मागची चाके चढवून जायचे. आपल्या चौकाला मी हाच प्रकार सुचवीन. बैलगाडीला, वरातीला किंवा गणपतीच्या मिरवणुकीला तो अडथळा होत नाही. पोळ्याचे म्हणाल, तर तोरणाखाली बैल उभे करायला चौकाची मोकळी जागा जशी आज आहे तशीच राहील. चार इंचांच्या उतारावरून जोडी सहज चालते. मात्र मिरवणुकीत बैल बुजू नयेत, म्हणून रंग फार गुळगुळीत आणि चकचकीत नसावा. पावसात दुचाकी घसरू नये म्हणूनही खडबडीत पृष्ठभागच हवा.

बांधकाम करताना जुने सिमेंट फोडून खड्डा करू देऊ नका. खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि एकदा वरचे काँक्रीट तोडले की पाणी आत उतरून आजूबाजूचा रस्ताही खचतो. असलेल्या काँक्रीटला भोके पाडून सळया बसवाव्यात आणि त्यावरच नवा थर जोडून घ्यावा. चौकातले पाणी आज कोणत्या नालीकडे वाहते ते एका पावसात पाहून ठेवावे, म्हणजे गोलाच्या कडेला डबके राहणार नाही. सर्कलात झाडे लावण्याची सूचना कोणीतरी करीलच. सिएटलमध्ये शेजारचे रहिवासी ती बाग सांभाळतात, पण आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत टँकरची वाट पाहणाऱ्या गावाने चौकातल्या शोभेच्या झाडांना पाणी घालावे, असे मला वाटत नाही. झाडे शाळेच्या कुंपणाला लावा. सावलीही मुलांनाच मिळेल.

आपल्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नव्हता, आणि माझ्या दृष्टीने तीच सगळ्यात नाजूक आहे. सर्कल वाहनांचा वेग कमी करते, पण वाहनांना मध्यातून बाहेर, कोपऱ्यांकडे ढकलते. शाळा सुटल्यावर मुले उभी असतात ती नेमकी कोपऱ्यावर, पानटपरीच्या किंवा चहाच्या टपरीच्या पुढे. नुसते सर्कल बांधून थांबलो, तर ट्रॅक्टरचे चाक आजच्यापेक्षा दोन फूट मुलांच्या जवळून जाईल. म्हणून वर सांगितलेले धुळीचे कोपरे आधी ताब्यात घ्यावेत: तिथे सिमेंटचे बुटके खुंट बसवावेत किंवा जागा चार बोटे उंच करून घ्यावी, टपऱ्या मागे घेण्याची टपरीवाल्यांना गोडीने विनंती करावी, आणि रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे गोलाला लागून न ओढता एक मोटार मावेल इतके मागे ओढावेत, म्हणजे गाडी वळणात शिरण्याआधी थांबू शकेल. कोपरे असे आवळले की दुचाकीस्वाराची निसटून जाण्याची वाटही बंद होते, आणि आज कडेच्या मातीतून मुलांच्या अंगावर येणारी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर येते. अंध किंवा कमी दिसणाऱ्या माणसाला गोल चौकातून वाहन कोणत्या बाजूने येते हे आवाजावरून कळणे अवघड जाते; गावात अशी कोणी व्यक्ती असेल, तर तिला सोबत घेऊन चाचणीच्या दिवशी चालून पाहावे.

गोल चौकात आधी कोणी जायचे, हेही गावाला सांगावे लागेल. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून सर्कल नेहमी उजव्या हाताला ठेवून वळसा घालायचा, आणि वळशात आधीपासून असलेल्या वाहनाला आत शिरणाऱ्याने वाट द्यायची; २०१७ च्या मोटार वाहन चालविण्याच्या विनियमांतही वळशातल्या वाहनालाच पहिला हक्क आहे. शाळेच्या भिंतीवर याचे एक मोठे चित्र रंगवून घेता येईल.

आता भासऱ्यांच्या प्रस्तावाबद्दल. घरातलाच माणूस असल्याने हा भाग आपल्याला सर्वांत जड जाणार, हे मी समजू शकतो. त्यांच्या मनातला आदर खरा आहे आणि त्या आदराशी आपला वाद नाही, हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा. त्यानंतर दोन गोष्टी पुढे ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि रस्त्याच्या कडेच्या जागांवर पुतळा किंवा अन्य बांधकाम करण्यास राज्य सरकारांना परवानगी देता येत नाही; दिवे, वाहतुकीची साधने किंवा रस्त्याच्या सुशोभीकरणाशी संबंधित कामे तेवढी त्यातून वगळली आहेत. म्हणजे वाहतुकीचे बुटके सर्कल त्या आदेशात अडकत नाही, पण त्यावर पुतळा ठेवला की पूर्ण कामच अडकेल आणि जबाबदारी ठराव करणाऱ्या सदस्यांवर येईल. दुसरी गोष्ट रस्त्याचीच आहे. उंच चौथऱ्यामुळे समोरून येणारे वाहन आणि पलीकडचे लहान मूल दोन्ही दिसेनासे होतात. जयंतीच्या दिवशी हार घालायला येणारी माणसे भर रस्त्यात उभी राहतात, आणि उरलेले वर्षभर त्या पुतळ्यावर ट्रॉल्यांची धूळ बसते. ज्यांच्याबद्दल गावाला आदर आहे, त्यांच्या नावाची कमान नको, चौथराही नको. शाळेच्या आवारात त्यांच्या नावाने वाचनालयाची एक खोली किंवा निदान चौकाच्या कोपऱ्यावर नावाची नीट पाटी, हा मार्ग भासऱ्यांना स्वतः सुचवू द्या. आपण समितीच्या बैठकीत त्यांना खोडून काढण्यापेक्षा, आधी घरी जाऊबाईंच्या उपस्थितीत बोलावे, आणि ग्रामसभेत ठराव त्यांनीच मांडावा अशी विनंती करावी. ग्रामपंचायत सदस्याने मांडलेला ठराव पुढे रेटणे सोपे जाते, आणि त्यांचा मानही राहतो.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येणार नाही. सर्वांत आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून) हे लिहून घ्या की चौकात मिळणारा प्रत्येक रस्ता कोणाचा आहे. गावठाणातल्या अंतर्गत गल्ल्या ग्रामपंचायतीच्या असतात; ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात; प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. चारपैकी एक जरी रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग निघाला, तर त्या विभागाच्या लेखी संमतीशिवाय पोतेही ठेवू नये, आणि त्या रस्त्यावर जड वाहनांची सततची वर्दळ असेल तर लहान सर्कलचा विचारच सोडावा. ते वस्तीतल्या रस्त्यांसाठी आहे. चाचणीचा दिवस ठरला की ठाणेदारांनाही अर्ज देऊन पोच घ्यावी.

समितीतले आपले स्थान कमी समजू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे तिच्या ठरावाला वजन आहे. आपल्या राज्यात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तिथे हा विषय आधी मांडा, कारण शाळेत पोर सोडायला जाणाऱ्या बायकाच त्या चौकातून रोज चालतात. तिथला ठराव, मुलांनी केलेली वेगाची मोजणी आणि चाचणीची छायाचित्रे अशी तीन कागदे जोडून ग्रामसभेत काम विकास आराखड्यात घेण्याची मागणी करावी. वित्त आयोगाच्या अनुदानातल्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेल्या, हिश्श्यातून असे काम धरता येते. अंदाजपत्रक आणि आखणी पंचायत समितीच्या अभियंत्याकडूनच करून घ्यावी. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे, रस्त्याची आखणी किंवा बांधकाम ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा वर्गणीतून, मिस्त्रीच्या अंदाजाने काही बांधू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच.

मोटारसायकलींवर सुसाट जाणाऱ्यांत अठरा वर्षांखालची मुले किती आहेत, हेही मोजणीत नोंदवा, नावे मात्र लिहू नका. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ मधली ही तरतूद अनेक बापांना माहीतच नसते. मुख्याध्यापकांनी पालकसभेत ती वाचून दाखवली, तर काही गाड्या सर्कल होण्याआधीच हळू होतील.

राहिला तो उंच गतिरोधक. सर्कल आणि कोपरे पूर्ण होऊन, रंग, रेडियम आणि गोल चौकाची त्रिकोणी पाटी लागेपर्यंत तो पूर्ण उखडू नका, नाहीतर मधल्या दिवसांत शाळेपुढे काहीच अडसर उरणार नाही. पण आहे तसाही तो एक दिवस अधिक ठेवू नये. ग्रामपंचायतीला आजच लेखी कळवून त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा लांब उतार करून घ्या, वर पांढरे पट्टे ओढून घ्या, आणि कडेच्या ज्या मातीच्या वाटेने मोटारसायकली चुकवून जातात, तिथे दोन मजबूत खुंट असे बसवून घ्या की मूल चालत जाईल, पण गाडीचे हँडल जाणार नाही. सासऱ्यांचे मनगट बरे होऊन ते पुन्हा सायकल काढतील, तेव्हा त्यांना निदान एवढे झालेले दिसले पाहिजे.